अलंगहून आणलेली कमी तासांची लाइफबोट-इंजिने पूर्ण उघडावीत का?

नमस्कार. आपण अलंगच्या जहाजतोडणीच्या बाजारातून लाइफबोटीची चार सिलिंडरची दोन डिझेल इंजिने वडोदऱ्याला आणली आहेत. दोन्हींच्या मीटरवर ७० तासांच्या आतबाहेर आकडा आहे, जहाज २५ वर्षांचे होते आणि इंजिने नर्मदेच्या मुखाजवळच्या बोटींवर बसवायची आहेत. मकरपुऱ्यातील मिस्त्री लाइनर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी) आणि पिस्टनसकट सगळे बदलायला सांगतात, तर विकणाऱ्याच्या मते इंजिने नवीच आहेत. माझ्या मते तपासणी होईपर्यंत दोघांपैकी कोणाचेच ऐकू नये.

मीटरचा आकडा खोटा असेल असे मला वाटत नाही. सोलास या जहाजांवरील जीवसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे लाइफबोटीचे इंजिन दर आठवड्याला किमान ३ मिनिटे चालवावे लागते. म्हणजे वर्षाला अडीच तासांहून किंचित जास्त आणि २५ वर्षांत साधारण ६५ तास. मात्र तेवढ्या तासांत ते सुमारे १,३०० वेळा थंडच सुरू झाले आणि तापायच्या आत बंद झाले, हे लक्षात घ्यावे. अशा इंजिनात ज्वलनातून निघालेल्या वाफेचे पाणी होऊन ते तेलात उतरते, तेल आम्लयुक्त होते, अर्धवट जळालेल्या डिझेलची काजळी रिंगांच्या खाचांत बसते आणि मधल्या काळात खारी हवा आपले काम करत राहते. तास कमी असल्याने झीज मात्र जवळपास नसते. शोधायचा तो गंज आणि चिकटलेले भाग.

हे मी नुकसान सोसून शिकलो. असेच एक इंजिन मी बॅटरी जोडून थेट सेल्फ मारून फिरवले आणि तिसऱ्या सिलिंडरची रिंग तुटली. हेड काढल्यावर दिसले की त्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह वर्षानुवर्षे उघड्या स्थितीत राहिला होता, खारी दमट हवा त्या वाटेने आत आली होती आणि पिस्टन जिथे थांबला होता तिथे लाइनरवर गंजाची तांबूस कडी उमटली होती. तिच्यावरून नख फिरवले की ते अडकत होते. बाकीच्या तीन लाइनरवर कारखान्यातील होनिंगच्या (आतून घासून केलेल्या कामाच्या) तिरप्या रेघा अगदी ताज्या दिसत होत्या.

म्हणून डिझेल फवारणारी सर्व नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे पातळ तेल सोडावे, एक-दोन दिवस थांबावे आणि मग इंजिन हातानेच दोन पूर्ण फेरे फिरवावे. त्याच भोकांतून छोटा कॅमेरा घालून लाइनर पाहावेत. नुसता डाग असेल तर काळजी नाही. नख अडकेल असा खड्डा वाटला तर तेवढे हेड उघडून खात्री करावी. त्यानंतर दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना पिस्टन वरच्या टोकाला आणून, क्रँक फिरणार नाही असा अडवून, सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडावी आणि कान लावून ऐकावे. हवा एक्झॉस्टमधून येत असेल तर व्हॉल्व्ह बसत नाही आणि हेडचे काम पुरते, रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे आले तर गॅस्केट पाहावे, आणि तेल भरण्याच्या तोंडातून फुसफुस आली तर रिंगांचा संशय घ्यावा. हा संशयसुद्धा लगेच खरा मानू नये, कारण चिकटलेल्या रिंगा काही तास चांगल्या लोडवर चालवल्यावर पुष्कळदा मोकळ्या होतात.

इंजिन पहिल्यांदा सुरू करण्याआधी फ्युएल पंपाची रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी सरकती पट्टी) मोकळी आहे ना, हे मात्र अवश्य पाहावे. जुन्या डिझेलचा डिंक होऊन ती पूर्ण इंधनाच्या स्थितीत अडकली असेल, तर इंजिन बेफाम वेग घेते आणि स्टॉपचा दांडा ओढूनही थांबत नाही. हवेचे तोंड झाकायला एक सपाट फळी हाताशी धरून माणूस उभा करावा.

इंजिन पूर्ण गरम करून, लोडवर ४-५ तास चालवून मग कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला हवेचा दाब, मोजावे. कंपनीच्या पुस्तकातील किमान आकडा गाठला असेल आणि सिलिंडरांमधील फरक दहा टक्क्यांच्या आत असेल, तर मी लाइनर-पिस्टनला हात लावत नाही. तेल मात्र प्रयोगशाळेत द्यावे: सोडियम निघाला तर खारे पाणी किंवा कूलंट आत शिरल्याचा संशय येतो, शिसे आणि तांबे जास्त असेल तर बेअरिंगकडे पाहावे. ऑइलपॅन उतरवून एक बेअरिंग कॅप उघडली की जर्नलवर (क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागावर) गंज आहे का तेही कळते. जर्नल खड्डेदार असेल, किंवा गरम इंजिनातही कॉम्प्रेशन कमी आणि ब्रीदरमधून (क्रँककेसची हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) धूर जोरात येत असेल, तर मिस्त्रींचे म्हणणे बरोबर ठरेल.

रबराच्या बाबतीत तासांचा विचारच नको. होज, पट्टे, क्रँकची दोन्ही ऑइल सील, फीड पंपाचा पडदा आणि असल्यास पाण्याच्या पंपाचा इंपेलर, हे सर्व वयानेच संपलेले असते आणि दोन्ही इंजिनांत न पाहता बदलावे. आधी एकाच इंजिनाची तपासणी पूर्ण करा. दुसरे त्याच जहाजाचे असले तरी त्याचे व्हॉल्व्ह वेगळ्या स्थितीत थांबलेले असतील, म्हणून पहिले चांगले निघाले तरी दुसऱ्याची नोझल काढल्याशिवाय त्याला सेल्फ मारू नका.