शिशाच्या गोळ्या, धूर आणि काजळी

प्रश्न : शिशाच्या गोळ्यांची काडतुसे स्वतः भरतो. चार-सहा बार काढले की समोर धुराचा पडदा उभा राहतो, नळीत शिसेही चिकटते. पावडर (बंदुकीची दारू) बदलू का?

उत्तर : आधी वंगण बघा. धूर बहुतांशी त्याचाच असतो. वंगण गोळीच्या खाचांतच हवे. बुडाला लागलेले थेट ज्वाळेत जळते. बुडे कापडावर घासून पुसा.

शिसे नेमके कुठे चिकटते ते टॉर्च लावून पाहा, निदान तिथेच होते. चेंबरलगत (काडतूस बसते त्या पोकळीजवळ) असेल तर बहुधा गोळी बारीक आहे; कडेने निसटणारा तप्त वायू शिसे झिजवतो. नळीच्या आतील पीळदार खाचांच्या व्यासापेक्षा गोळी ०.००१ इंच जाड हवी. हे मायक्रोमीटरनेच मोजा, अंदाजाने नव्हे. नळीच्या तोंडाशी असेल तर वंगण अपुरे पडते आहे.

पुंगळ्या (काडतुसांची कवचे) बाहेरून काळ्या पडत असतील तर दाब कमी पडतो आहे. पावडर वाढवायची ती लोडिंग मॅन्युअलच्या (काडतुसे भरण्याच्या माहितीपुस्तकाच्या) कमाल मर्यादेच्या आतच, थोडी थोडी.

वंगणाऐवजी गोळ्यांना पावडर कोटिंग (रंगाच्या भुकटीचा भाजून पक्का केलेला थर) केल्यास धूर खूपच घटतो : साधारण २०० अंश सेल्सिअसला २० मिनिटे, नंतर साइझिंग (साच्यातून दाबून गोळी हव्या व्यासाची करणे), कारण थराने व्यास वाढतो. ओव्हन स्वयंपाकाचा मुळीच वापरू नका.