ओठांनी ऊ, जिभेनं ई

वाचकांचे प्रश्न : भाषा आणि उच्चार

प्रश्न : नमस्कार ताई. मी फ्रेंच शिकते आहे. त्या भाषेत ‘वर’ आणि ‘खाली’ यांसाठी जे दोन शब्द आहेत, ते मला अगदी एकसारखे ऐकू येतात, दोन्ही ‘दसू’. पहिल्यातला स्वर ‘यू’सारखा म्हणावा असं कुणीतरी सुचवलं, म्हणून मी ‘दस्यू’ म्हणू लागले, तर शिक्षिका मान हलवतात. जर्मन शिकणारी मैत्रीण म्हणते, आमच्याकडेही हा स्वर आहे. चिनी शिकणारा भाऊही तेच म्हणतो. इतक्या भाषांत असलेला हा स्वर नेमका आहे तरी कोणता? आणि तो आपल्याला का जमत नाही?

उत्तर : सर्वांत आधी तो ‘यू’ डोक्यातून काढून टाका. ‘यू’ म्हणजे एकापाठोपाठ एक असे दोन ध्वनी, आधी य आणि मग ऊ. तुम्हाला हवा आहे तो एकच, सलग स्वर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत तसाच राहणारा. आपण देवनागरीत मेन्यू, म्युनिक असं लिहून वेळ निभावतो, पण त्या लिपीवरून उच्चार शिकायला गेलं की हमखास फसगत होते. या स्वराला देवनागरीत चिन्ह नाही, म्हणून या उत्तरापुरतं मी त्याला ‘गोल ई’ म्हणते. त्याची सगळी कृती त्या नावातच आहे.

आरसा घ्या. लांब ‘ई’ म्हणा आणि थांबू नका. जिभेचं टोक खालच्या पुढच्या दातांना टेकलेलं असेल आणि जिभेच्या कडा वरच्या दाढांना लागलेल्या असतील. आता जीभ तिथंच ठेवून फक्त ओठांचा चंबू करा, शीळ घालताना करतो तसा. जे ऐकू येतं तो गोल ई. बहुतेकांची जीभ ओठ गोल होताक्षणी मागे सटकते आणि साधा ‘ऊ’ निघतो. ओठ गोल झाले की जीभ मागे जाणार ही जोडी लहानपणापासून इतकी पक्की बसलेली असते की एकाला हलवलं की दुसरा आपोआप हलतो. या दोघांची फारकत करणं एवढंच काम आहे. कान आणि बुद्धी यांचा इथं फारसा दोष नाही, सवय स्नायूंची आहे.

जीभ जागेवर आहे की नाही हे तपासायची एक खात्रीची रीत सांगते. कुजबुजून बघा. आधी ई, मग गोल ई, मग ऊ, सगळं नुसत्या श्वासावर. कंठातला आवाज नसल्यामुळे तोंडाच्या पोकळीचा स्वतःचा सूर कानावर येतो आणि तो तीन पायऱ्यांनी खाली उतरताना स्पष्ट ऐकू येतो. मधली पायरी हरवली, दुसरा आणि तिसरा सूर एकच वाटला, तर जीभ सटकली असं समजा.

हा उतरता सूर मोजताही येतो. तोंडाच्या पोकळीत आवाजाच्या काही कंप्रता घुमून ठळक होतात, त्यांना फॉर्मंट म्हणतात. जीभ पुढे की मागे हे मुख्यतः दुसऱ्या फॉर्मंटवरून कळतं. पीटरसन आणि बार्नी यांनी १९५२ मध्ये अमेरिकन इंग्रजीची मोजमापं प्रसिद्ध केली. त्यांत पुरुषांच्या ‘ई’साठी दुसऱ्या फॉर्मंटची सरासरी २२९० हर्ट्झ होती आणि ‘ऊ’साठी ८७० हर्ट्झ. फ्रेंच पुरुषांचा गोल ई या दोहोंच्या मध्ये, साधारण १८०० ते १९०० हर्ट्झच्या आसपास पडतो. ओठ पुढे काढून गोल केले की पोकळीची लांबी वाढते, तोंड अरुंद होतं आणि सूर खाली येतो.

जगात हा स्वर विरळ का, याचं उत्तरही इथंच आहे. जीभ पुढे आणि ओठ पसरलेले, म्हणजे सूर चढा. जीभ मागे आणि ओठ गोल, म्हणजे सूर खोल. दोन्ही वेळा जीभ आणि ओठ एकमेकांना साथ देतात आणि ई व ऊ यांच्यात ऐकणाऱ्यासाठी मोठं अंतर पडतं. गोल ईमध्ये मात्र जीभ सूर वर नेते आणि ओठ खाली ओढतात. ज्या भाषेला पाच-सहा स्वरांत भागवायचं आहे ती ते स्वर दूरदूर ठेवते. मधल्या गर्दीच्या जागेत आणखी एक स्वर बसवायची तिला गरज पडत नाही. लिलियेनक्रांट्स आणि लिंडब्लोम यांनी १९७२ मध्ये ही कल्पना गणितानं मांडली, आणि मला ती आजही पटते. इयन मॅडिसन यांनी तपासलेल्या ५६२ भाषांपैकी फक्त ३७ भाषांत जीभ पुढे आणि ओठ गोल असा एखादा तरी स्वर सापडला. गोल ई किंवा त्याचा भाऊ गोल ए, यांपैकी काहीही. म्हणजे शंभरांत सातसुद्धा नाहीत. तुम्हाला तो जिथं तिथं दिसतो, कारण तुमच्या आसपास शिकल्या जाणाऱ्या तिन्ही भाषा त्या ३७ जणांच्या टापूतल्या, युरोप-आशियाच्या उत्तर पट्ट्यातल्या आहेत. फ्रेंच, डच, जर्मन, स्वीडिश, फिनिश, हंगेरियन, तुर्की, मँडरिन, कँटनीज असा तो पट्टा आहे. त्याबाहेर तो तुरळक भेटतो. न्यू कॅलेडोनियातल्या इआई भाषेत आहे, आणि निलगिरीतल्या तोडा या द्राविडी भाषेतही आहे. अमेरिकेतल्या होपी भाषेत गोल ए आहे, गोल ई नाही.

एकाच पट्ट्यात असल्या तरी या भाषांकडे हा स्वर एका वाटेनं आलेला नाही. फ्रेंचमध्ये तो लॅटिनच्या दीर्घ ऊपासून घडला. लॅटिनमध्ये चंद्राला ‘लूना’ म्हणत. जीभ हळूहळू पुढे सरकली, ओठ मात्र गोलच राहिले. ऊची जागा रिकामी झाली तशी तिथं जुन्या ‘ओ’मधला एक प्रकार वर चढून बसला. म्हणूनच फ्रेंच लोक साधा ऊ लिहायला ‘ओ’ आणि ‘यू’ अशी दोन अक्षरं वापरतात आणि एकट्या ‘यू’ अक्षराचा उच्चार गोल ई करतात. तुमच्या ‘वर’ आणि ‘खाली’मधला फरक नेमका एवढाच आहे. ‘वर’च्या शेवटी एकटं ‘यू’ (आणि न उच्चारलेला एस), ‘खाली’च्या शेवटी ‘ओ-यू’. ऐकू येत नसेल तेव्हा निदान लेखन बघून जीभ कुठं ठेवायची ते ठरवा.

जर्मनमध्ये गोष्ट वेगळी. तिथं जुन्या काळी काही अनेकवचनांच्या शेवटी ‘इ’ असे. पुढं इ येणार म्हणून आधीचा ऊ उच्चारतानाच जीभ पुढे यायला लागली. नंतर शेवटचा इ झिजून गेला, पण पुढे आलेली जीभ परत गेली नाही. ‘फूस’ म्हणजे पाऊल, आणि अनेक पावलं म्हणताना त्या ऊच्या जागी गोल ई येतो. ज्या इमुळं हे सगळं घडलं तो आज शब्दात दिसतही नाही.

पण मला या स्वराचं खरं वैभव तुर्कीत दिसतं. तुर्कीत आठ स्वर आहेत आणि त्यांची मांडणी थक्क करणारी आहे. जीभ पुढे की मागे, ओठ गोल की पसरलेले, जबडा मिटता की उघडा, या तीन प्रश्नांची जितकी उत्तरं संभवतात तितके, म्हणजे आठच स्वर. एकही जागा रिकामी नाही. गोल ईचा नेमका उलटा स्वरही त्यात आहे, जीभ ऊची आणि ओठ पसरलेले. १९२८ पासूनच्या लिपीत तो बिनटिंबाच्या ‘आय’नं लिहितात. आणि हे स्वर शब्दात आपापलं गणगोत धरून राहतात. ‘ला’ या अर्थाचा प्रत्यय घ्या. घर म्हणजे ‘एव’, त्याचं ‘एवी’. पक्षी म्हणजे ‘कुश’, त्याचं ‘कुशू’. फारसीतला आपल्या ओळखीचा ‘गुल’, गुलाबाचं फूल, तुर्कीत गेला तेव्हा त्यातला उ गोल ई झाला, आणि मग त्याला लागणारा प्रत्ययही गोल ईच. घोडा म्हणजे ‘आत’, त्याला तो उलटा स्वर लागतो. प्रत्यय एकच, पण मूळ शब्दाच्या शेवटच्या स्वराप्रमाणं जीभ आणि ओठ जसे असतील तसाच तो उच्चारायचा. तुर्की मुलांना हे कुणी शिकवत नाही. फ्रेंच वर्गात अडलेल्यांना मी आधी या तुर्की जोड्या म्हणायला लावते. शब्दभर ओठ एकाच आकारात ठेवायची सवय लागते आणि जीभ एकटी हलायला शिकते.

स्वीडिशमध्ये तर एक पायरी आणखी आहे. ‘तुम्ही’, ‘नवीन’ आणि ‘आत्ता’ यांचे स्वीडिश शब्द एकाच न ने सुरू होतात. पहिल्यात साधा ई, दुसऱ्यात गोल ई, तिसऱ्यात आणखी एक गोल स्वर. दुसऱ्यात ओठ पुढे निघतात, तिसऱ्यात ते पुढे न येता एकमेकांकडे आवळले जातात. ओठ गोल करण्याचेही प्रकार असतात हे इथं कळतं.

आता तुमच्या कानाबद्दल. तुम्हाला तो ऊ वाटतो, पण सगळ्यांना तसा वाटत नाही. बर्नार रोशे यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंग्रजी भाषकांनी फ्रेंच गोल ईची नक्कल करताना चुकून ऊ काढला, आणि ब्राझीलच्या पोर्तुगीज भाषकांनी चुकून ई काढला. ध्वनी तोच. आपल्या भाषेत ई आणि ऊ यांची हद्द जिथं पडते त्यानुसार मधला परका स्वर कुठल्या तरी एका बाजूला ढकलला जातो.

आणि एक आशेची गोष्ट. जेम्स फ्लेगी यांनी १९८७ मध्ये फ्रेंच बोलणाऱ्या इंग्रजी भाषकांचे स्वर मोजले. अनुभवी मंडळींचा गोल ई फ्रेंच माणसासारखा निघाला, पण साधा वाटणारा फ्रेंच ऊ मात्र त्यांना तितका साधला नव्हता. तो आपल्याच ऊसारखा आहे असं समजून त्यांनी तो आपल्या पद्धतीनंच म्हटला. म्हणून मी म्हणते, गोल ईची भीती बाळगू नका. तो परका आहे हे कळलेलं असतं, म्हणून त्याच्यासाठी कष्ट घेतले जातात.

एक शेवटची सूचना. स्वर सुरू झाल्यावर ओठ गोल करू नका, आधीच्या व्यंजनापासूनच करा. ‘तू’ या अर्थाचा फ्रेंच शब्द म्हणताना ‘त’ निघायच्या आधी ओठ गोल झालेले हवेत. स, त, र अशी व्यंजनांची रांग या स्वराच्या आधी आली तरी फ्रेंच माणसाचे ओठ रांगेच्या सुरुवातीलाच पुढे आलेले असू शकतात, हे १९७४ मध्ये बँगरेल आणि कोवन यांनी मोजून दाखवलं. तुमचा ‘दस्यू’ फसला तो इथंच. पसरलेल्या ओठांनी स, मग य, मग ऊ. स म्हणतानाच चंबू करा, य ला शिरायला जागाच उरणार नाही.

प्रश्न : इंग्रजीत हा स्वर कधीच नव्हता का?

उत्तर : होता. जुन्या इंग्रजीत ‘मूस’ म्हणजे उंदीर, आणि त्याच्या अनेकवचनात गोल ई, वर सांगितलेल्या जर्मन पावलांसारखाच. पुढं ओठांची गोलाई गेली, ई उरला आणि कालांतरानं त्याचा ‘आय’ झाला. आजचे ‘माउस’ आणि ‘माइस’ तिथून आले. नंतर फ्रेंच शब्द आले, तोवर इंग्रजांची जीभ गोल ई विसरली होती, म्हणून त्यांनी त्याचे दोन तुकडे केले. म्यूझिक, प्युअर, क्युअर यांतला य तिथला आहे, आणि तुम्हाला मिळालेला तो ‘यू’चा सल्लाही बहुधा त्याच वाटेनं आलेला आहे. अलीकडे मात्र दक्षिण इंग्लंडातल्या अनेकांचा ऊ बराच पुढे सरकलेला ऐकू येतो.

प्रश्न : चिनी टाइप करताना ‘व्ही’ अक्षर का दाबतात? त्यांच्याकडे व तर नाही.

उत्तर : म्हणूनच. मँडरिनमध्ये ‘रस्ता’ आणि ‘हिरवा’ या शब्दांत ल समान आहे, सूरही, म्हणजे आवाजाचा चढउतारही, समान. एकात ऊ आहे आणि दुसऱ्यात गोल ई. १९५८ च्या रोमन लेखनपद्धतीत, म्हणजे पिनयिनमध्ये, गोल ईसाठी ‘यू’वर दोन टिंबं देतात. साध्या कळफलकावर ती टिंबं नसतात आणि ‘व्ही’ला पिनयिनमध्ये दुसरं काही काम नाही, म्हणून ते अक्षर या स्वराला दिलं. जे, क्यू, एक्स आणि वाय यांच्यानंतर टिंबं गाळतात, कारण तिथं साधा ऊ येतच नाही. तिथं नुसतं ‘यू’ दिसलं तरी गोल ईच म्हणायचा. नवशिके सर्वांत जास्त अडखळतात ते इथं. मासळीला जो शब्द आहे तो ‘वाय-यू’ असा लिहिलेला दिसतो, पण त्यात य आणि ऊ शोधू नका. तो सबंध शब्द म्हणजे चढत्या सुरातला एकटा गोल ई.