वालुकाश्म घेऊ की चुनखडक?

प्रश्न : मी भूशास्त्राच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गाळाचे खडक हा विषय मनापासून आवडतो. पुढे एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी वालुकाश्म घ्यावा की चुनखडक, हे ठरत नाही. बाबा म्हणतात, चुनखडक घे, सिमेंट कारखान्यांना तो कायम लागणार. मला नद्यांबद्दल वाचायला आवडतं, रसायनशास्त्र मात्र जड जातं. करिअरला जास्त वाव कशात आहे?

उत्तर : बाबांचं म्हणणं खरं आहे. सिमेंटच्या भट्टीत सुमारे १४५० अंश सेल्सिअसला जे भाजलं जातं, त्यात मोठा वाटा चुनखडकाचाच असतो. पण तिथे भूशास्त्रज्ञाचं रोजचं काम काय, हेही विचारायला हवं. खाणीचं नियोजन करायचं आणि दगडाची प्रत सांभाळायची. चुना किती, मॅग्नेशियम किती, सिलिका किती, यावर डोळा ठेवायचा. म्हणजे ज्या रसायनशास्त्राची तुला धास्ती वाटते, त्याच्याशीच रोजची गाठ. हे माहीत असूनही ते काम आवडणार असेल तर जरूर जा. मागणी आहे एवढ्याच कारणासाठी जाऊ नकोस.

या दोन खडकांतला फरक नीट समजून घे, कारण पुढच्या कामाचं स्वरूप त्यावरच ठरतं. वालुकाश्मातले कण बहुतेक दुसरीकडून आलेले असतात. कुठल्या तरी डोंगराची झीज होते, नदी, वारा किंवा लाटा ती वाहून आणतात, ०.०६२५ ते २ मिलिमीटर आकाराचे कण साचतात आणि सिलिका, कॅल्साइट (कॅल्शियम कार्बोनेटचं खनिज) किंवा लोहाच्या ऑक्साइडने एकमेकांना सांधले जातात. म्हणून हा खडक हाती घेतला की पहिला प्रश्न पडतो, हे सगळं आलं कुठून? फेल्डस्पार हे सहज झिजणारं खनिज भरपूर टिकून असेल तर मूळ खडक फार लांब नसावा, किंवा हवामान कोरडं असावं, किंवा गाळ लवकर गाडला गेला असावा. यातलं नेमकं कोणतं, ते इतर पुरावे जुळवून ठरवायचं. झिरकॉन या टिकाऊ खनिजाच्या कणांचं वय युरेनियम-शिसे पद्धतीने काढून, झिजून नाहीशा झालेल्या पर्वतरांगांचाही माग लावता येतो. नद्यांचं वेड असलेल्या मुलीला यात आयुष्यभर पुरेल इतकं काम आहे.

चुनखडकाची गोष्ट वेगळी. तो बहुतांशी जिथे साचतो तिथेच घडतो. उथळ, उबदार समुद्रात प्रवाळ, शिंपले, शैवाल आणि सूक्ष्मजीव कॅल्शियम कार्बोनेट तयार करतात आणि त्यांचे अवशेष साठत जातात. त्यामुळे जीवशास्त्राशी मैत्री लागते. त्यात कॅल्साइट मोठं चंचल. ते विरघळतं, पुन्हा स्फटिकरूप घेतं, कधी त्याचं डोलोमाइट, म्हणजे मॅग्नेशियम असलेलं कार्बोनेट, होतं. वालुकाश्मात पाणी किंवा तेल मुख्यतः कणांमधल्या फटींत असतं, त्यामुळे थराचा अंदाज तुलनेने बरा बांधता येतो. चुनखडकात एखादा शिंपला विरघळून उरलेली पोकळी, भेगा, गुहा असं सगळं मिसळलेलं असतं. शेजारशेजारच्या दोन विंधनविहिरी पार वेगळं उत्तर देतात. मला स्वतःला हा खडक अभ्यासाला जास्त कठीण वाटतो, आणि तो नीट वाचता येणाऱ्या माणसाला किंमत असते ती याचमुळे.

वाव दोन्हीकडे आहे. सौदी अरेबियातलं घवार हे अवाढव्य तेलक्षेत्र जुरासिक काळातल्या चुनखडकात आहे. नॉर्वेजवळच्या समुद्रात स्लाइपनर प्रकल्पात १९९६ पासून कार्बन डायऑक्साइड जमिनीखाली साठवला जातोय, तो वालुकाश्माच्या थरात. भूजल, बोगदे, धरणांचे पाये, जुन्या दगडी वास्तूंचं जतन, सगळीकडे दोन्ही खडक भेटतात.

आणि ते नेहमी वेगवेगळे भेटत नाहीत. आम्ल टाकल्यावर फसफसलं की चुनखडक, असं आपण शिकतो. पण कॅल्साइटने सांधलेला वालुकाश्मही फसफसतो, आणि डोलोमाइटवर थंड, सौम्य आम्लाचा परिणाम जेमतेम दिसतो, भुकटी केली तर बरा दिसतो. ऊइड नावाच्या गोल कणांचा चुनखडक तर वाळूसारखाच लाटांनी हलवलेला असतो, त्यात तिरपे थरही दिसतात. चुनखडकाचं भूशास्त्रज्ञ डनहॅमचं १९६२ चं वर्गीकरण मुलं नावं पाठ करून सोडून देतात. त्यात विचारलेलं खरं म्हणजे हे आहे की कण एकमेकांना टेकलेत की चिखलात तरंगताहेत, म्हणजेच तिथलं पाणी खवळलेलं होतं की शांत. वालुकाश्म शिकणाऱ्यालाही हा प्रश्न विचारता आलाच पाहिजे.

म्हणून माझा सल्ला असा : प्रकल्पाला वालुकाश्म घे, आणि चुनखडकाचा पेपर सोडू नकोस. रसायनशास्त्राला पाठ दाखवून चालणार नाही, कारण खडकातले कण सांधणारं नैसर्गिक सिमेंट समजायला तेच लागतं, पण कामापुरतं ते हळूहळू जमेल. आत्तापासून सूक्ष्मदर्शकाखाली थिन सेक्शन, म्हणजे खडकाचे अगदी पातळ काप, पाहण्याचा सराव वाढव. शंभर कण मोजून क्वार्ट्झ, फेल्डस्पार आणि खडकांचे तुकडे यांचं प्रमाण काढायला शीक. विहिरींचे लॉग (खोलीनुसार घेतलेल्या मोजमापांच्या नोंदी) वाचणं आणि आकडेवारी हाताळण्यापुरतं प्रोग्रॅमिंग, ही दोन कौशल्यं कुठल्याही खडकासोबत नोकरीच्या मुलाखतीत उपयोगी पडतात.

विषयाचं नाव पक्कं करण्याआधी विभागातल्या प्राध्यापकांना भेट. मार्गदर्शन कोण करणार, नमुने आणि थिन सेक्शन आधीच उपलब्ध आहेत का, क्षेत्रकार्याला किती वेळ मिळेल, हे विचारून घे. चुनखडकावर मन लावून काम करणारे मार्गदर्शक असतील आणि वालुकाश्मावर कोणीच नसेल, तर चुनखडक घे, अगदी निःशंकपणे.