बिली हॉलिडेच्या अखेरच्या ध्वनिमुद्रणांची समीक्षक एवढी स्तुती का करतात?

तुमचा प्रश्न असा आहे की, 1958 सालच्या ‘लेडी इन सॅटिन’मध्ये अमेरिकन जॅझ गायिका बिली हॉलिडेचा आवाज उघडउघड चिरकलेला असताना समीक्षक त्या रेकॉर्डला एवढे का वाखाणतात, आणि ही स्तुती तिच्या दुःखी आयुष्याकडे पाहून तर होत नाही ना. तुमची शंका निम्मी रास्त आहे. व्यसनाने आणि आजाराने खंगलेली ही गायिका 1959 च्या जुलैमध्ये, अवघ्या 44व्या वर्षी वारली हे ठाऊक असल्यामुळे, तिच्या प्रत्येक घोगऱ्या स्वरात हुंदका शोधणारे लेखन पुष्कळ झाले आहे; मला ते फारसे पटत नाही.

मात्र जाणकारांनी तिला मानले ते गळ्याच्या गोडव्यासाठी कधीच नव्हे. गळ्याचा पल्ला एका सप्तकाहून थोडाच अधिक, आवाजही बारीक. तिची खरी मातब्बरी होती ती शब्द ठेक्यावर नेमका कुठे टाकायचा या समजेत. पियानोवादक टेडी विल्सनच्या वादकांबरोबर 2 जुलै 1935 रोजी मुद्रित झालेले ‘व्हॉट अ लिटल मूनलाइट कॅन डू’ ऐका. बेनी गुडमनच्या क्लॅरिनेटपासूनच लय अशी द्रुत आहे की सगळे वादक धावत असतात, आणि वीस वर्षांची ही मुलगी सुरुवातीचा ‘ऊ’ मात्र हाताशी भरपूर वेळ असल्यासारखा, ठेक्याच्या किंचित मागे ठेवते, तरीही लय कुठे सुटत नाही. ख्याल ऐकणाऱ्याला यातली गंमत समजावून सांगावी लागणार नाही. जानेवारी 1937 च्या ‘धिस इयर्स किसेस’मध्ये तर लेस्टर यंग आधी सॅक्सोफोनवर चाल वाजवतो आणि मग ती गाते, ओळ कुठे तोडायची, कुठे रेंगाळायचे, याची दोघांची तऱ्हा एकच आहे.

आवाज गेला तरी ही समज गेली नव्हती. आता तिला ऐकायला मला अधिक आवडते, असे जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसने 1958 मध्येच सांगितले होते. ‘लेडी इन सॅटिन’चा संयोजक रे एलिस मुद्रणाच्या वेळी तिच्या गाण्यावर नाराज होता; पुढे तयार रेकॉर्ड ऐकल्यावर त्याने आपले मत बदलले.

माझी तक्रार आहे ती या रेकॉर्डमधल्या व्हायोलिनांच्या ताफ्याबद्दल. तिच्या गाण्यात दोन शब्दांमधली रिकामी जागा फार मोलाची असते, आणि नेमकी तीच ही व्हायोलिने भरून टाकतात. म्हणून तुम्ही आधी जानेवारी 1957 मध्ये लॉस एंजेलिसला बेन वेबस्टर, हॅरी एडिसन अशा मोजक्या साथीदारांबरोबर केलेली ध्वनिमुद्रणे ऐकावीत. आवाज तिथेही थकलेलाच आहे, पण साथ तिला वाट मोकळी ठेवते, त्यामुळे एखादा शब्द तिने किती उशिरा उचलला हे स्वच्छ ऐकू येते.