आठशे यार्डांचं डोक्यातून काढून टाक

प्रश्न : काका, मी फोर्ट कॉलिन्सला राहते. ग्रीन कार्ड आलं, हंटर एज्युकेशनचा कोर्स झाला आणि यंदा कोलोरॅडोचा मादी एल्कचा (एल्क म्हणजे इकडचं मोठं हरीण) टॅग, म्हणजे शिकारीचा परवानाही मिळाला. ऑफिसमधला एकजण म्हणतो, .३०० विंचेस्टर मॅग्नम काडतुसाच्या रायफलीशिवाय एल्कच्या वाटेला जाऊ नकोस. दुसरा म्हणतो, ६.५ क्रीडमोर घे, तेवढ्यात ८०० यार्डांवरूनही एल्क पडतो. माझी उंची पाच फूट दोन इंच. दुर्बिणीसकट दोन हजार डॉलर बाजूला ठेवलेत. काय घेऊ? – स. द.

उत्तर : काका म्हटलंस, म्हणून एकेरीवर येतो. तुझ्या पत्रात दोन काडतुसं आहेत, बजेट आहे, उंचीसुद्धा आहे. पण तू स्वतः किती यार्डांवर खात्रीने मारू शकतेस, हे कुठेच नाही. तो आकडा ठरल्याशिवाय दुकानात पाऊल टाकू नकोस.

आधी त्या ८०० यार्डांचा निकाल लावू. ६.५ क्रीडमोरची १४३ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी सेकंदाला २७०० फुटांनी सुटते. तिला ५०० यार्ड कापायला साधारण ०.६४ सेकंद लागतात आणि ८०० यार्डांना सेकंदाहून जास्त. चरणारी मादी एवढ्या वेळात आरामात एक पाऊल पुढे टाकते. मग फुफ्फुसाकडे सोडलेली गोळी पोटात बसते आणि ते जनावर दिवसभर झाडीत तडफडत फिरतं. इथे नेमबाज कितीही पट्टीचा असला तरी उपयोग नाही, कारण पाऊल टाकायचं की नाही हे एल्क ठरवतो.

वाऱ्याचं गणित याहून वाईट. ताशी दहा मैलांचा आडवा वारा हीच गोळी ३०० यार्डांवर सुमारे ५ इंच ढकलतो, ५०० यार्डांवर १५ इंच. म्हणजे ३०० यार्डांवर वारा तुझ्या लक्षातच आला नाही, तरी गोळी बहुधा छातीतच जाते. ५०० वर मात्र दहा मैलांचा वारा पंधराचा निघाला, की आणखी सात-आठ इंचांचा फरक. त्यातून दरीच्या या कडेला एक वारा, मध्ये दुसरा आणि पलीकडे तिसरा. २०२२ साली आलेलं ७ एमएम पीआरसी हे काडतूस घेतलंस, तर त्या १५ इंचांचे १२ होतात. फरक आहे, पण वारा ओळखायचं काम शेवटी तुलाच करायचं आहे.

म्हणून पहिल्या हंगामासाठी मी तुला ३५० यार्डांची मर्यादा घालतो. अगदी हवा पडलेली असेल आणि बसायला पक्की जागा असेल तर ४००. एवढं ठरलं की काडतुसाचं भांडण अर्ध्याहून जास्त मिटतं.

.३०० विंचेस्टर मॅग्नम १९६३पासून एल्क पाडतंय, त्याच्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही. पण त्याचा धक्का क्रीडमोरच्या दुप्पट. हलक्या रायफलीत पाचव्या-सहाव्या गोळीनंतर खांदा आपोआप मागे सरतो आणि घोडा दाबायच्या आधीच डोळे मिटतात. ही सवय एकदा लागली की सुटायला फार त्रास देते. बॅरलच्या तोंडाशी ब्रेक लावून धक्का कमी होतो हे खरं, पण शेजारी बसलेल्याच्या कानांचे हाल होतात. क्रीडमोर याच्या उलट, अगदी सौम्य. एल्कसाठी गोळीत आघाताच्या वेळी १५०० फूट-पाउंड ऊर्जा उरावी, असा इकडच्या शिकाऱ्यांचा जुना अंदाज आहे. शास्त्र नव्हे, पण नवख्यासाठी बरा. क्रीडमोर ४०० यार्डांच्या थोडं अलीकडेच त्याच्या खाली उतरतं, म्हणजे ऐन मर्यादेवर हात आखडतं.

माझं मत .२७० विंचेस्टरला. १९२५चं काडतूस, शंभरी उलटलेलं. रेंजवरची तरुण पोरं माझ्या .२७०कडे बघून हसतात, हसू देत. १४५ ग्रेनची गोळी सेकंदाला २९७० फुटांच्या वेगाने सुटते, ४०० यार्डांवर १७०० फूट-पाउंडांच्या आसपास ऊर्जा राखते आणि २०० यार्डांवर शून्य धरला, म्हणजे दुर्बीण त्या अंतराला नेमकी जुळवली असेल, तर ४०० यार्डांवर साधारण दीड फूट खाली येते. धक्का क्रीडमोरपेक्षा जास्त, मॅग्नमपेक्षा बराच कमी. शिवाय डोंगरातल्या लहान गावाच्या दुकानातसुद्धा .२७०चा डबा बहुधा सापडतो. शिकारीच्या आदल्या रात्री काडतुसं घरी विसरल्याचं आठवलं, तर पीआरसीवाल्याला ही सोय नाही.

.२७०चं एक उणं सांगायला हवं. त्याच्या बॅरलचा पीळ, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या आतल्या खाचांचा वळसा, पूर्वापार दहा इंचांत एक फेरा असा आहे. १५० ग्रेनपुढच्या लांबड्या, वारा कापणाऱ्या आधुनिक गोळ्या त्या पिळात नीट स्थिर होत नाहीत. दूरवर मारणारे म्हणूनच आठ इंचांचा पीळ असलेल्या ७ एमएम पीआरसीकडे वळतात. पुढे तुझा हात खरोखर ५०० यार्डांपर्यंत बसला, तर तेव्हा तूही वळ.

गोळीच्या बांधणीत काटकसर नको. एल्कची मादी सव्वादोनशे किलोची असते आणि खांद्याचं हाड जाड. कवच गाभ्याला घट्ट जोडलेली म्हणजे बाँडेड गोळी घे किंवा सबंध तांब्याची १३० ग्रेनची. तांब्याच्या गोळीला उमलायला, म्हणजे लागल्यावर तोंडाशी पसरायला, वेग लागतो, पण आपल्या मर्यादेत तो मिळतो आणि मांसात शिशाचे कण जात नाहीत. कोलोरॅडोचा नियम तसा सैल आहे: किमान .२४ कॅलिबर, एल्कला किमान ८५ ग्रेनची उमलणारी गोळी आणि १०० यार्डांवर १००० फूट-पाउंड. कायद्यात बसतं तेवढ्यावर समाधान मानू नकोस.

आता तुझी उंची. दुकानातल्या बहुतेक रायफलींचा दस्ता, म्हणजे घोड्यापासून बटापर्यंतची लांबी, साडेतेरा इंचांच्या पुढे असतो. तुला साडेबाराच्या आसपास लागेल. बटाच्या चकत्या काढून लांबी कमी करता येते असं मॉडेल माग आणि जाड जाकीट घालून खांद्याला लावून बघ. काडतुसाच्या नावापेक्षा याचा तुझ्या नेमावर जास्त परिणाम होईल. वजन दुर्बिणीसकट आठ पौंड असू दे. साडेसहा पौंडांची रायफल चढावर लाडकी वाटते, पण मारताना तोंडात देते.

पैसे असे वाट: रायफल ८००, दुर्बीण ५००, अंतर मोजणारा रेंजफाइंडर २५०. उरलेले सगळे काडतुसांना. एप्रिल २०२५पासून कोलोरॅडोत बंदुका आणि काडतुसांवर ६.५ टक्के जादा कर आहे, तो हिशेबात धर. विकत घेतल्यावर तीन दिवस थांबल्याशिवाय रायफल हातात मिळत नाही, तेव्हा हंगामाच्या तोंडावर जाऊ नकोस. रेंजफाइंडर उतार धरून अंतर सांगणारा हवा. ३० अंशांच्या चढावर ४०० यार्ड दिसले, तर नेम ३४६चा धरायचा असतो.

सराव टेबलावर नको. दहा इंचांची कागदी बशी लाव, पाठपिशवीवर रायफल टेकव, आधी जिने चढून दम लागू दे आणि थंड बॅरलची पहिली गोळी कुठे बसते तेवढं लिहून ठेव. ती ज्या अंतरापर्यंत दर वेळी बशीत बसते, तो तुझा आकडा. तो २५० निघाला तर २५०.

आणि दरीपलीकडे ४०० यार्डांवर मारलंस तर तिथे चालत जायचंय, हे गोळी सोडण्याआधी बघ. मधला नाला उतरून चढायला तास सहज जातो. पलीकडून सगळी झाडं सारखी दिसतात, म्हणून जनावर उभं होतं तिथलं एखादं वाळकं खोड आधीच हेरून ठेव. एल्क गोळी लागूनही ढिम्म उभा राहतो. लगेच दुसरं काडतूस भर, तो उभा असेपर्यंत पुन्हा मार.

प्रश्न : नवरा अजून एच-१बीवर आहे. तो माझी रायफल रेंजवर चालवू शकेल का? – स. द.

उत्तर : शिकारीचं वैध लायसन्स खिशात असल्याशिवाय नाही. बिगर-स्थलांतरित व्हिसावर बंदूक किंवा काडतूस बाळगायला संघीय कायद्याने मनाई आहे, आणि रेंजवर थोडा वेळ हातात घेणंही त्यात धरलं जाऊ शकतं. अमेरिकेत मिळालेलं शिकारीचं लायसन्स हा त्यातला अपवाद. १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना कोलोरॅडोत त्यासाठी हंटर एज्युकेशनचं कार्ड लागतं, म्हणजे त्यालाही तुझाच कोर्स. व्हिसाचा प्रश्न असल्याने एकदा वकिलालाही विचारा. तोही लायसन्स काढून रायफल घेऊन आला, तर भडक नारिंगी किंवा गुलाबी कापड दोघांच्या अंगावर हवं: कमरेच्या वर ५०० चौरस इंच, टोपीसुद्धा त्याच रंगाची.