काका, तीन तास बेसूर ऐकायचं कसं?

प्रिय बाय,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला, दोनदा ऐकला, कारण पहिल्यांदा फोन डाव्या कानाला लावला होता आणि तो कान हल्ली स्वतःचीच शिट्टी वाजवत बसतो. म्हणूनच तर बारमधली शुक्रवारची कराओके नाईट तुझ्यावर टाकतोय, लॅपटॉपवर गाण्याची नुसती साथ लावायची आणि गिऱ्हाइकांनी माईकवर गायचं. तू विचारलंस, काका, बाकी लॅपटॉप मिक्सर सगळं जमेल पण तीन तास बेसूर ऐकायचं कसं? मी हसलो आधी. मग वाटलं की ही विशारद झालेली पोरगी, सकाळी तानपुऱ्यावर बसणारी, तिला खरंच त्रास होणार आणि तो तोंडावर दिसणार, आणि तोंडावर दिसलं की संपलं, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे आपला गाव कुठला ते लक्षात घे. इथून, फोंड्याहून, पणजीला जाताना वाटेत मंगेशी लागतं, तिथे १९०० साली मास्टर दीनानाथ जन्मले. इकडे केरीला १८९२ साली गायिका केसरबाई केरकर जन्मल्या, त्यांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातून पार सूर्यमालेच्या बाहेर निघालीय. अशा तालुक्यातल्या बारमध्ये बसलेल्या दहा माणसांत दोघं भजनी मंडळातले असतात, एक पखवाजवाला असतो आणि एकाच्या मामाने कला अकादमीच्या भजन स्पर्धेत बक्षीस घेतलेलं असतं. म्हणजे कान तयार. तिकडे बीचवर टुरिस्ट काहीही गातो नि सकाळच्या फ्लाईटने जातो, त्याला काय पडलंय. आपल्याकडचा माणूस माईक धरतो तेव्हा त्याला माहीत असतं की समोरच्याला षड्ज कळतो, उद्या तोच समोरचा मासळी मार्केटात भेटणार आहे, आणि तरी तो उठतो. हे धाडस तू आधी ऐक, सूर नंतर.

आता तुला कराओके कसं निघालं ते सांगतो. कराओके म्हणजे जपानीत रिकामा ऑर्केस्ट्रा, कारा म्हणजे रिकामा आणि ओके हा ऑर्केस्ट्राचा तुकडा. कोबे शहरात दाईसुके इनोए म्हणून एक जण क्लबात साथीला कीबोर्ड वाजवायचा, फार मोठा वादक नव्हे. त्याचं एक गिऱ्हाईक होतं, एका छोट्या कंपनीचा मालक, आणि त्या मालकाला फक्त याच्याच साथीवर गाता यायचं कारण हा त्याचा गळा ओळखून वाजवायचा. मालक निघाला बाहेरगावी, तिथे त्याला गावं लागणार, इनोएला काही जाता येईना, तर त्याने मालकाच्या गळ्याला सोसेल त्या पट्टीत गाणी टेपवर भरून दिली. त्यातनं १९७१ साली मशीन निघालं, पहिली अकरा मशीनं, नाणं टाका नि गा. पेटंट काही त्याने घेतलं नाही. २००४ मध्ये त्याला ते गमतीचं इग नोबेल मिळालं, ते पण शांततेचं, माणसं एकमेकांना सहन करायला शिकली म्हणून! तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्या कमिटीने आधीच देऊन ठेवलंय असं समज. पण मला त्यातली टेपची गोष्ट महत्त्वाची वाटते. ती टेप कुणा गायकासाठी नव्हती गो, साथीशिवाय ज्याला गाता येत नाही अशा एका माणसासाठी होती.

आमच्या जत्रेतल्या नाटकांत हेच असायचं. मी सतराव्या वर्षापासून पेटीवर बसलो. नट म्हणजे कोण, तर पोस्टमन, नारळ पाडणारा, शाळामास्तर, आणि पद मात्र असं घेणार की भल्याभल्यांना घाम फुटावा. मध्येच ओळ विसरला की आपण एक आवर्तन वाढवायचं, वर चढला की आपण गपचूप पट्टी बदलायची, लोकांना वाटायचं असंच बसवलंय, आणि वर वन्समोअर. कराओकेचा ट्रॅक हे करत नाही, तो कुणासाठी थांबत नाही. म्हणून लॅपटॉपच्या मागे माणूस लागतो. तुझं काम गाणी लावण्याचं नाही, ते वेटर पण लावेल. तू साथीला बसलीयस.

साथ म्हणजे काय ते आता एका माणसावरनं सांगतो. उसगावकडचा एक टिप्पर ड्रायव्हर आहे, पन्नाशीचा. २०१२ मध्ये गोव्यातल्या लोखंडाच्या खाणी बंद पडल्या तेव्हा त्याचा ट्रक दारात उभा राहिला तो राहिलाच, मग कुठे कुठे नोकऱ्या केल्या त्याने. पहिल्यांदा आला तेव्हा किशोरकुमारचं गाणं मागितलं, चिठ्ठीवर नाव लिहून, चिठ्ठीची घडी इतकी लहान केलेली की उलगडताना फाटली. गायला लागला आणि प्रत्येक ओळ उशिरा. अर्धी मात्रा नव्हे, चांगल्या दोन-तीन मात्रा उशिरा, मग घाईघाईने शब्द कोंबायचा, तोवर स्क्रीनवर पुढची ओळ रंगायला लागलेली. कोपऱ्यातलं टेबल हसलं. मला पण वाटलं की याला ताल नाही. दुसऱ्या शुक्रवारी तेच. तिसऱ्या वेळी मी त्याच्या डोळ्यांकडे बघितलं तर तो स्क्रीनवर अक्षर अक्षर लावत होता, ओठ आधी हलायचे, आवाज नंतर. सातवीपर्यंत मराठी शाळा त्याची, आणि स्क्रीनवर हिंदी गाणं इंग्लिश लिपीत! मग ताल कुठनं राहणार.

मी घरी जाऊन दोनशे पानी वहीत ते गाणं देवनागरीत लिहून काढलं, मोठ्या अक्षरात, जिथे म्युझिक आहे तिथे नुसत्या आडव्या रेघा. आणि ट्रॅकची पट्टी दोन बटणं खाली घेतली. पुढच्या शुक्रवारी वही हातात दिली. पहिली ओळ बरोब्बर समेवर आली बाय. सूर तसाच, थोडा नाकात, अंतऱ्याला थोडा फाटलेला, पण वेळेवर. आतनं आचारी हात पुसत बाहेर आला बघायला कोण गातंय ते, त्याच्या एका हातात अजून झारा होता. आज त्या वहीत एकशे चाळीसच्या वर गाणी आहेत आणि अर्धं फोंडा त्याच वहीतनं गातं. वही तुला देणार आहे, पण कव्हर सुटलंय, आधी शिवून घे.

असे पुष्कळ. एक रिटायर्ड शिक्षिका येतात, सत्तरीच्या, त्यांना स्क्रीन लागतच नाही, सगळे शब्द पाठ, गाताना त्या पंख्याच्या रेग्युलेटरकडे बघतात, का कोण जाणे. लताबाईंचंच गाणं घेणार आणि ओरिजिनल पट्टीतच पाहिजे. मी एकदा न विचारता चार बटणं खाली घेतला ट्रॅक तर मुखड्यातच थांबल्या आणि म्हणाल्या, हे कुणाचं गाणं लावलंयस? त्यांना माहीत असतं अंतऱ्यात आवाज पोचणार नाही, तिथे आल्या की त्या गाणं सोडून शब्द नुसते म्हणतात, वर्गात कविता म्हणावी तसे, आणि ध्रुवपदाला परत सुरात येतात. मला आता ते गाणं कुठेही लागलं की अंतऱ्याला त्यांचाच आवाज ऐकू येतो. त्यांची पट्टी बदलू नकोस.

आणि वास्कोचा तो तारवटी, म्हणजे खलाशी, सुट्टीवर आला की येतो. तो म्हणतो जहाजावर फिलिपिनो क्रू असला की रोज रात्री कराओके, शिवाय मशीन मार्क पण देतं, पण माणूस गात असताना हसायचं नाही हा तिथला कायदा, जेवण जळलं तरी चालेल. तो कोंकणी गातो, लोर्नाबाईंची वगैरे, आणि मराठी नाट्यगीतं म्हणणारी आपली मंडळी तेव्हा टेबलं वाजवायला सर्वात पुढे. दर रात्री एक तरी कोंकणी गाणं ठेव, मधोमध, खोली एकदम मोकळी होते.

आता चूक सांगतो, माझीच. एका रात्री एक बाई नवऱ्याबरोबर आल्या होत्या, लग्नाचा वाढदिवस. गाणं अवघड घेतलं आणि पहिल्याच ओळीला गेलं ते गेलंच. नेहमीचं टेबल खिदळायला लागलं. मला वाटलं वाचवूया हिला, म्हणून मी हळूच माईकचा फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करायची पट्टी, खाली घेतला आणि ट्रॅकचा वर. मला वाटलं कळणार नाही. माणसाला स्वतःचा आवाज नाहीसा झालेला कळत नाही होय? त्यांनी माझ्याकडे बघितलं, गाणं चालू असतानाच माईक टेबलावर ठेवला, आडवा, नॅपकिनवर, आवाज होऊ नये म्हणून. बिल दिलं आणि गेले. केक अर्धा राहिला होता. परत कधी आल्या नाहीत. हसणाऱ्या टेबलाकडे जाऊन दोन शब्द बोलायला पाहिजे होते ते मला जमलं नाही, कारण ते रोजचे गिऱ्हाईक, तर मी बाईंचा आवाज बंद केला. तू फेडरला हात लावायच्या आधी हे आठव.

कामाच्या गोष्टी भराभर सांगतो. पट्टी विचारू नको, लोकांना माहीत नसते, अंतऱ्यातली सगळ्यात वरची ओळ गुणगुणायला सांग, मुखडा सगळ्यांनाच गाता येतो, माणूस मरतो अंतऱ्यात. एक बटण म्हणजे अर्धा स्वर, काळी एक वरनं पांढरी एक, आणि चार-पाच बटणांपलीकडे ओढलंस तर ट्रॅकमधल्या कोरसच्या बायका कार्टूनसारख्या वाजतात. बदल करायचा तो गाणं सुरू व्हायच्या आधी आणि सांगून, मध्ये कधीच नाही, मी पेटीवर करायचो ते इथे चालत नाही कारण पेटी माणसाकडे बघून सरकते, ट्रॅक धाडकन सरकतो. स्पीकर वायरनेच जोड, ब्लूटूथवर आवाज मागनं येतो आणि चांगला ताल असलेला माणूसही स्वतःलाच ऐकून मागे पडत जातो, मग घरी जाऊन म्हणतो मला ताल नाही. माईकची जाळी मुठीत धरू देऊ नकोस, टीव्हीवर रॅपवाले धरतात म्हणून पोरं धरतात, मग माईक शिट्टी मारतो आणि शिव्या तुला. एको, म्हणजे आवाजाचा घुमारा, सगळे मागतात, थोडा दे, वाढवलास तर शब्द गिळले जातात. मराठी ट्रॅक हिंदीइतके मिळत नाहीत, जे चांगले आहेत ते पेन ड्राईव्हवर वेगळे ठेवलेत.

आपली जागा अर्धी उघड्यावर आहे, दहाला स्पीकर बंद म्हणजे बंद, तो कायदा २००० सालापासून आहे आणि शेजारी घड्याळ घेऊन बसलेला असतो. म्हणून नवीन माणसाला साडेनऊनंतर ठेवू नकोस, गाणं अर्ध्यात तोडावं लागलं तर तो पुन्हा उठत नाही. एकदम तयारीच्या गायकानंतर तर बिलकूल नको. मधे कॉलेजची सहा पोरं एका माईकवर सोड, धिंगाणा होऊ दे, मग नवीन माणूस.

तयारीचे गायक हा वेगळाच ताप, तुला वाटतंय ते आपले. एक जण येतो, गळा खरंच छान, पण पाच गाणी झाल्याशिवाय माईक खाली ठेवत नाही, दुसरा कुणी गात असताना मोबाईल बघतो, स्वतःचं झालं की निघतो. त्याचं एकही गाणं मला आठवत नाही. दोन गाण्यांचा नियम त्याला पण लाव, नम्रपणे, आणि तू स्वतः गाऊ नकोस. निदान पहिले दोन महिने तरी नको. तुझा आवाज ऐकला की ती निम्मी माणसं चिठ्ठी खिशातच ठेवतील. हे ऐकून राग येईल, येऊ दे.

कुणी दुसऱ्याचा व्हिडिओ काढत असेल तर सरळ विचार, कुणासाठी काढतोस. बायकोने नवऱ्याचा काढला तर ठीक. नाहीतर दुसऱ्या दिवशी गावच्या ग्रुपवर फिरतो आणि खाली हसरी तोंडं. हे बोलायला जमणार नाही असं वाटलं तर मालकाला सांग, तो बोलेल, त्याचा आवाज मोठा आहे.

आणि तोंड. बेसूर लागला की तुझी डावी भुवई वर जाते, लहानपणापासूनची सवय आहे ती, मी तुझ्या क्लासच्या गुरुपौर्णिमेला बघितलीय. लॅपटॉप थोडा उंच ठेव म्हणजे झाकली जाईल.

शुक्रवारी मी पहिला अर्धा तास येईन, मागे बसेन, उजवा कान तुझ्याकडे करून. सातला ये, वायरी मी दाखवतो, एक लाल वायर सैल आहे, तिला चिकटपट्टी लावलेली आहे ती काढू नकोस. ड्रायव्हर साधारण आठला येतो, आधी लिंबू सोडा घेतो, मग कटलेट पाव, मग उठतो. मी दिसलो नाही की बावरेल. त्याला वही त्याच्याच गाण्याच्या पानावर उघडून दे, पान सव्वीस, आणि दोन बटणं खाली.

तुझा,
पेटीवाला काका