जी, बी, डी♯, एफ, ए♭ हा कॉर्ड सॉफ्टवेअरमध्ये कोणत्या नावानं लिहायचा?

तुम्ही म्हणताय, ऑर्केस्ट्राचा ट्रॅक करताना हे पाच स्वर कुठल्याच नावानं टाइप होत नाहीत, कॉर्डची नावं टाइप केली की साथ वाजवणारं सॉफ्टवेअर कॉर्ड ओळखत नाही. नाव आहे जी७♯५♭९. ते कसं ठरतं हे कळलं की पुढचे कॉर्डही अडणार नाहीत.

कोल्हापुरात बरेच की-बोर्डवाले पेटीवरून आलेले, म्हणून स्वरांतच सांगतो. बेस जो स्वर धरतो तो सा. इथे पांढरी पाच, म्हणजे जी. मग बी हा शुद्ध ग आणि एफ हा कोमल नी. हे दोन सापडले की कॉर्ड जी७ ठरला, वर काहीही असो. आकडे सा पासून मोजायचे, वरच्या सप्तकातला रे नववा; ♭ म्हणजे अर्धा स्वर खाली, ♯ म्हणजे अर्धा स्वर वर. ए♭ कोमल रे, म्हणजे ♭९. डी♯ कोमल ध. त्याचं नाव पंचमावर अवलंबून. कॉर्डमध्ये प नसेल तर ♯५, प असेल तर ♭१३. तुमच्या कॉर्डात डी नाही, म्हणून ♯५. तीव्र म लाही हाच न्याय: प असेल तर ♯११, नसेल तर ♭५. दोन्ही ग आले तर कोमल ग म्हणजे ♯९. त्यामुळे कॉर्ड मायनर होत नाही, ही गफलत फार जण करतात.

टाइप करताना ♭ साठी लहान बी आणि ♯ साठी हॅशचं चिन्ह. कंस, स्वल्पविराम, मोकळी जागा काढून टाका. ७ कधीही गाळू नका: ‘बी७♭९’ मधला ७ गेला तर ते बी♭ चा नाइन्थ कॉर्ड समजतं आणि सगळंच घसरतं. तरी नाकारलं तर क्रम उलटा करा, जी७♭९♯५. काही सॉफ्टवेअरना पाच आधी लागतो, काहींना नऊ.

दोन्ही नाही चाललं तर माझा आवडता उपाय: एफ मायनर ७♭५, तिरकी रेघ, जी. एफ, ए♭, बी, ई♭ आणि खाली जी. डी♯ आणि ई♭ पट्टी एकच, म्हणजे हुबेहूब तुमचे पाच स्वर. तसंच जी७♭५♭९ अडला तर डी♭७/जी लिहा, तोही तंतोतंत जुळतो. मात्र ऑटो-सोलो किंवा ऑटो-हार्मनी (सॉफ्टवेअरनं आपोआप वाजवलेली सुरावट किंवा जोडस्वर) चालू असेल तर सॉफ्टवेअर एफ किंवा डी♭ ला मूळ स्वर धरून वाजवेल. त्या बारपुरतं, म्हणजे त्या मात्रांच्या गटापुरतं, ते बंद ठेवा.

‘जी७ऑल्ट’ (ऑल्टर्ड, म्हणजे बदललेल्या स्वरांचा जी७) लिहून मोकळं व्हायचा मोह होतो, पण त्यात कोणते बदललेले स्वर घ्यायचे ते सॉफ्टवेअर ठरवतं. शिवाय ऑल्टच्या सप्तकात शुद्ध रे, प आणि शुद्ध ध नसतात. गायक त्या बारवर प धरून उभा असेल तर कोमल ध किंवा तीव्र म त्याच्याशी अर्ध्या स्वरावर भांडणार. तिथे जी७♭९ पुरतो.

शेवटी तो एकच बार लूपवर टाका, टेम्पो ६०, ड्रम बंद, फक्त मिडी पियानो (ज्याचे स्वर सॉफ्टवेअर स्वतः वाजवतं) चालू. पाचही स्वर ऐकू आले तर नाव बरोबर आहे. मग गिटार लावल्यावर कॉर्ड साधा जी७ वाटला तर नाव बदलत बसू नका. रेकॉर्ड केलेल्या तुकड्यांच्या ट्रॅकमध्ये असे स्वर अनेकदा नसतातच. त्या बारला गिटार म्यूट करा आणि पियानो थोडा वर घ्या.